पुढचा ब्रेक आणि सहावा अध्याय

साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाकडे निघालं की चढ सुरू व्हायच्या अलीकडे माझं गॅरेज लागतं. कासला जाणारी पोरं हवा तपासायला माझ्याकडे थांबतात. आर-वन-फाइव्ह, आरसी, अपाचे आरआर, निन्जा, सगळ्या टाकीवर वाकून चालवायच्या गाड्या. यातली एखादी सर्व्हिसिंगला आली की मालकाची तक्रार मी ऐकून घेतो, पण हात आधी जातो तो ब्रेकच्या पॅडकडे. आपण गाडी कशी चालवतो हे माणसाला स्वतःला नीट सांगता येत नाही, पॅड सांगतात. आणि बहुतेक गाड्यांचे पॅड एकच सांगतात. मागचे पत्र्याला टेकलेले असतात, मागची डिस्क तापून निळसर पडलेली असते, आणि पुढच्या पॅडमधली खाच मात्र गाडी शोरूममधून आली तेव्हा होती तशीच असते. म्हणजे सव्वाशेच्या पुढे पळणारी गाडी हा मुलगा आजवर फक्त उजव्या पायानं थांबवत आलेला असतो.

विचारलं की उत्तर ठरलेलं. "पुढचा न्हाई मारत मी, मिस्त्री. पलटी होती गाडी." कुणी शिकवलं? वडिलांनी, मामानं, मोठ्या भावानं.

या शिकवणुकीला मी मूर्खपणा म्हणणार नाही. ती ज्यांनी दिली ते उंच, काळ्या सायकलींवर शिकले. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की हँडलवरून पुढे जाऊन पडायचं, हे त्यांच्या गुडघ्यांनी अनुभवलेलं होतं. मग राजदूत आली, येझदी आली, बुलेट आली. सगळ्यांना ड्रम ब्रेक. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पुढचा ब्रेक एक तर धरायचाच नाही, नाहीतर एकदम धरायचा. रस्ता मुरमाचा, वळणावर खडी पसरलेली. त्या गाड्यांवर आणि त्या रस्त्यांवर पुढच्या ब्रेकला जपून राहणं हे शहाणपणच होतं. पुढे गाड्या बदलल्या, रस्ते बदलले, डिस्क आली. बापाची भीती तेवढी मुलाकडे पोचली, भीतीचं कारण वाटेतच राहिलं.

ही गोष्ट मला नुसती गाडीची कधीच वाटली नाही. माणसाला स्वतःला थांबवता येतं का, आणि येत असेल तर कशाच्या बळावर, हा फार जुना प्रश्न आहे. आमच्या घरात तो रोज रात्री पोथीतून वाचला जायचा, आणि दिवसा माझ्या हातात कॅलिपर असायचा. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसत गेली. ती दिसली तशी मांडतो, पण आधी गाडीचं सांगावं लागेल, कारण सगळं मर्म तिथेच आहे.

उभ्या गाडीचं वजन दोन्ही चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं असतं. यामाहाची आर-वन-फाइव्ह घ्या. गाडी १४२ किलोची, वर सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस. दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर १३२५ मिलिमीटर, आणि गाडी-माणूस मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण दोन फुटांवर. ब्रेक लागला की चाकं रस्त्यापाशी धरली जातात, पण वरचं वजन पुढेच जाऊ बघतं. त्यामुळे पुढचं चाक दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. कोरड्या डांबरावर खणखणीत ब्रेक लावला तर हिशोबानं पुढच्या चाकावर १८५ किलोच्या आसपास भार येतो आणि मागच्यावर उरतो तीसेक किलो. आणखी दाबला तर मागचं चाक जमीन सोडतं. म्हणजे उजव्या पायानं जे चाक आपण जीव खाऊन दाबतोय, त्याच्यावर त्या क्षणी फारसं काही उरलेलंच नसतं. ते लॉक होतं, किंचाळतं, शेपटीसारखं हलतं, आणि गाडी पुढे जातच राहते. ताशी ६० किलोमीटरवरून दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी सतरा-अठरा मीटरमध्ये उभी राहते. नुसत्या मागच्यावर पस्तीस-चाळीस मीटर लागतात. मधल्या वीस मीटरमध्ये एक ट्रॅक्टर आडवा मावतो, एक शाळेची रांग मावते. कंपनीनं पुढे २८२ मिलिमीटरची डिस्क दिली आणि मागे २२०ची, ती काही शोभेसाठी नाही.

इथपर्यंत कुणीही हिशोब करून सांगेल. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे.

टायरची पकड ही टायरवर किती भार आहे त्यावर ठरते. ब्रेक लावण्याआधी पुढच्या टायरवर निम्माच भार आहे, म्हणजे पकडही तेवढीच. त्या क्षणी घाबरून चार बोटांनी लिव्हर आवळला, तर आपण टायरकडे अजून न आलेली पकड मागतोय. चाक लॉक होतं, हँडल हातात निर्जीव पडतं आणि गाडी काय झालं हे कळायच्या आत आडवी. आता तोच रस्ता, तोच टायर, तोच हात. पण आधी दोन बोटांनी लिव्हरमधली मोकळीक काढली, पॅड डिस्कला टेकू दिले, पुढचे शॉकअप बसू दिले, टायरला रस्त्यावर पसरू दिलं आणि मग दाब वाढवत नेला, तर मघाशी ज्या दाबानं गाडी पडली असती त्याहून जास्त दाब तोच टायर आता पेलतो. या दोन्हींत वेळेचा फरक किती? अर्धा सेकंदसुद्धा नाही.

याचा अर्थ असा की थांबण्याची ताकद गाडीत आधीपासून भरून ठेवलेली नसते. ती थांबायला लागल्यावर येते. थोडं थांबलात की थोडी येते, त्या थोडीच्या आधारावर आणखी थांबता येतं, मग आणखी येते. जो सगळी एकदम मागतो तो पडतो. आणि जो पडण्याच्या भीतीनं लिव्हरला हातच लावत नाही, त्याला अशी काही ताकद आहे याचा जन्मभर पत्ता लागत नाही.

आमचे आण्णा माळकरी. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली की ते लोणंदला जाऊन मिळत आणि पंढरपूरपर्यंत पायी जात. घरी रोज रात्री ज्ञानेश्वरी. सहाव्या अध्यायावर त्यांचा विशेष जीव. त्या अध्यायात कृष्णानं ध्यानाचं सगळं सांगून झाल्यावर अर्जुन हात टेकतो. म्हणतो, हे मन फार चंचल आहे, बळकट आहे, हट्टी आहे, याला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरण्यासारखं वाटतं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती कृष्णाच्या उत्तराची सुरुवात. तो अर्जुनाला खोटं पाडत नाही. अवघड आहे, यात शंका नाही, असंच म्हणतो. आणि मग दोन साधनं सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींनीही योगसूत्रांच्या सुरुवातीलाच चित्ताला थांबवायला हीच दोन साधनं सांगितली आहेत. त्यावरच्या व्यासभाष्यात चित्ताला दोन्हीकडे वाहणारी नदी म्हटलंय. वैराग्य विषयांकडे जाणारा प्रवाह अडवतं, अभ्यास विवेकाकडचा प्रवाह मोकळा करतो, आणि थांबणं दोघांवर मिळून अवलंबून असतं. एकानं भागत नाही.

पुढचा ब्रेक म्हणजे अभ्यास आणि मागचा म्हणजे वैराग्य, अशी जोडी कुणी लावून देईल. मी लावणार नाही. शास्त्रातल्या एकेका शब्दाला गाडीचा एकेक पार्ट जोडत बसलं की शास्त्राचंही नुकसान आणि गाडीचंही. मला दिसतं ते वेगळं. अर्जुन विचारतोय बळाबद्दल. मन इतकं बळकट, तर त्याला आवरायला तेवढं बळ मी आणू कुठून? कृष्ण त्याला बळ देत नाही, क्रम देतो. त्याच अध्यायात थोडं आधी तो सांगून गेलेला आहे की धीरानं धरलेल्या बुद्धीनं मनाला हळूहळू, थोडंथोडं मागे घ्यावं. अर्जुनाला वाटतं, ताकद आधी आणि थांबणं नंतर. कृष्णाचं म्हणणं, थांबायला लाग, त्यातून ताकद येईल.

रोजच्या जगण्यात आपण अर्जुनासारखंच बोलतो. मनाची ताकद असती तर सोडली असती तंबाखू. माझ्या हाताखाली काम करून गेलेला एक गडी दर आषाढी एकादशीला पुडी रस्त्यावर भिरकावून द्यायचा, आणि बारस सोडायच्या आधी पुन्हा टपरीवर दिसायचा. त्याचं चुकत काय होतं, तर त्याला एका झटक्यात सगळं हवं होतं आणि झटका बसेपर्यंत काहीच करायचं नव्हतं. पुढे त्यानं सकाळची पहिली चिमूट दुपारपर्यंत लांबवायला सुरुवात केली, मग दुपारची संध्याकाळपर्यंत. मला तो एकदा म्हणाला, "दुपारपातूर निभावलं की दुपारनं सोपं जातंय." यापेक्षा जास्त मी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही. काही लोक एका झटक्यात सुटतात, मी त्यांना नमस्कार करतो. पण तसं जमत नाही म्हणून स्वतःला दुबळं ठरवणारे असंख्य आहेत, त्यांना हे सांगायला हवं की तुमच्यात ताकद कमी नाही, तुम्ही लिव्हर दाबायची पद्धत बदला.

माऊलींनी याच ठिकाणी एक फार गोड गोष्ट सांगितली आहे. मनाचा एक चांगला गुण आहे, ते म्हणतात. जिथे एकदा गोडी लागते तिथे ते सवकतं. म्हणून त्याला आत्मसुखाची चव पुन्हा पुन्हा दाखवत जावं. आण्णा हे वाचताना पोथीवरून मान वर करत. मला याचा अर्थ पुरता कळला तो मैदानावर.

रविवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत एमआयडीसीतल्या एका रिकाम्या डांबरी जागेवर मी पोरांना ब्रेक शिकवतो. मालकाची परवानगी आहे, आजूबाजूला माणूस नाही, जागा आधी झाडून घेतो, खडा ठेवत नाही. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्यावरचे बूट, यातलं एक नसलं तरी परत पाठवतो. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची एक रेघ मारतो. तीसच्या वेगानं यायचं, रेघेवर पुढचं चाक आलं की ब्रेक. पहिल्यांदा फक्त मागचा. गाडी जिथे उभी राहील तिथे त्यानं स्वतःच्या हातानं पाण्याची बाटली ठेवायची. मग फक्त पुढचा, दोन बोटांनी, सांगितलं तसा. तिथे दुसरी बाटली. मग दोन्ही. तिसरी.

पहिल्या बाटलीपाशी कुणाला काही वाटत नाही. दुसऱ्या वेळी आलेल्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. दाब वाढत जातो तशी गाडी नाक खाली करते, रस्त्याला घट्ट धरते, मांड्या टाकीवर रेटल्या जातात, आणि गाडी उभी राहते ती सरळ, शांत, न हलता. एका आरसीवाल्या पोरानं काच वर केली आणि नुसता मागे रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, अजून एकदा येऊ?" हीच ती गोडी. त्यानंतर त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तासभर तो येत राहिला, थांबत राहिला. वेगाची नशा असते हे सगळ्यांना माहीत आहे. नीट थांबण्यातही एक सुख असतं आणि तेही मनाला धरतं, हे फार कमी लोकांना माहीत आहे. संयम हा नेहमी कडू औषध म्हणून पोरांपुढे ठेवला गेला, म्हणून ती त्याच्यापासून पळाली. त्याची चव त्यांना कुणी दिलीच नाही.

तिसऱ्या बाटलीचंही सांगायला हवं, कारण पुढचा ब्रेक एकदा कळला की पोरं मागच्याला तुच्छ लेखायला लागतात. मिक डूहान नावाचा ऑस्ट्रेलियन रेसर होता. १९९२ साली नेदरलँड्समधल्या आसेनला त्याचा उजवा पाय इतका वाईट मोडला की मागच्या ब्रेकचं पॅडल पायानं नीट दाबता येईना. जगातला सगळ्यात वेगवान माणूस, त्याला कुणी म्हटलं असतं की मागच्याशिवाय चालव. त्यानं हँडलच्या डाव्या बाजूला अंगठ्यानं दाबायचा लिव्हर बसवून घेतला आणि १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा ५०० सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं. मागचा ब्रेक गाडी थांबवायला थोडाच उपयोगी पडतो, पण गाडी स्थिर ठेवायला फार. पुढच्याच्या किंचित आधी हलका लावला तर गाडी आधी बसते, मग नाक खाली जातं. डबलसीट असाल तर मागच्या चाकावर वजन जास्त राहतं, तेव्हा तो जास्त काम करतो. मुरमावर, शेणावर, पहिल्या पावसातल्या तेलकट रस्त्यावर, गर्दीतल्या चालीच्या वेगात, तोच सांभाळतो. आणि मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी सरकत असताना पाय झटकन उचलू नये, हेही इथेच शिकवतो. चाक एकदम पकड घेतं आणि माणसाला वर फेकतं.

सोडण्याबद्दल एवढं बोललं जात नाही, पण सोडणंही दाबण्याइतकंच अवघड आहे. घाटात वळणाआधी ब्रेक लावलाय, आता गाडी झुकवायची आहे. टायरची पकड आता दोन कामांत वाटली जाणार, थांबवणं आणि वळवणं. गाडी जसजशी झुकते तसतशी बोटं लिव्हरवरून सैल होत गेली पाहिजेत, एकदम नाही. एकदम सोडला की दबलेले शॉकअप उसळतात आणि गाडी ओळ सोडते. मोठमोठ्या रेसरांचं सगळं कसब या सोडण्यात असतं. धरलेलं कसं सोडावं हे ज्याला येतं, त्यालाच धरण्याचा अधिकार आहे असं मला वाटतं, आणि हे मी बायको-मुलांच्या नात्यापासून धंद्यातल्या भांडणापर्यंत सगळ्याला लावून बघितलेलं आहे.

आता दैवाचं. घाटात कुणी गेलं की टपरीवर एकच वाक्य येतं, "वेळ आली होती." ज्यांच्या घरात दुःख झालंय त्यांच्यासमोर मी याला उत्तर देत नाही. ट्रक चुकीच्या बाजूनं येतो, रस्त्यावर ऑइल सांडलेलं असतं, यात चालवणाऱ्याचा दोष नसतो. पण हे वाक्य जेव्हा पोरं स्वतःबद्दल म्हणतात, की वेळ आली तर काय ब्रेक आणि काय नाही, तेव्हा मला गप्प राहवत नाही. १९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या मोटरसायकल अपघातांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हॅरी हर्ट यांचा. ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यात दिसलं की धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत माणसाला साधारण दोन सेकंदांहून कमी वेळ मिळतो. आणि त्या वेळात बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक इतका दाबला की चाक लॉक झालं, आणि पुढचा पुरेसा दाबलाच नाही. तिथे लॉस एंजेलिसमध्येही तेच, जे माझ्या गॅरेजमधले पॅड सांगतात.

दोन सेकंदांत माणूस विचार करत नाही. त्या वेळी ब्रेक कोण लावतं? मी ठरवून लावतो असं कुणालाच म्हणता येणार नाही. हात लावतो, पाय लावतो, आजवर जे करत आले तेच करतात. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की लोक ज्याला दैव म्हणतात तो आपलाच पूर्वी केलेला प्रयत्न असतो, दुसरं काही नाही. हे मी तरुणपणी वाचलं तेव्हा मोठं तत्त्वज्ञान वाटलं होतं, आज मला ते अगदी जमिनीवरचं वाटतं. त्या दोन सेकंदांत समोर येतं ते दैवासारखंच असतं, त्यात काही बदलता येत नाही. पण ते लिहिलं गेलेलं असतं आधीच्या रविवारी, आधीच्या प्रत्येक सिग्नलवर, प्रत्येक वेळी आपण दोन बोटं लिव्हरवर ठेवली की नाही त्यात. माणूस मोकळा असतो तो तिथे. म्हणून जबाबदारीही तिथली. धडकेच्या क्षणी नीट वाग असं कुणाला सांगता येत नाही. रोजच्या सिग्नलवर नीट वाग असं सांगता येतं आणि सांगितलंच पाहिजे.

एबीएस आल्यापासून मला नवीन उत्तर मिळतं. "आता गाडीच सांभाळती." १ एप्रिल २०१९पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे, काहींना फक्त पुढच्या चाकाला. ते आलं याचा मला मनापासून आनंद आहे. चाकाजवळचा सेन्सर बघत असतो, चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस ब्रेकचा दाब क्षणभर कमी करतं, पुन्हा वाढवतं, सेकंदाला कितीतरी वेळा. त्यानं जीव वाचतात. पण एबीएस लॉक होऊ देत नाही एवढंच. तुमच्या वतीनं लिव्हर दाबत नाही. ज्यानं भीतीनं पुढच्या ब्रेकला हातच लावला नाही, त्याच्या गाडीतलं एबीएस त्या धडकेपर्यंत गप्प बसून राहतं. आमच्या वारकऱ्यांत कृपेवर फार भिस्त असते, आणि ती असावीच. पण आण्णा पायी चालत जायचे. कृपा होईल म्हणून लोणंदला बसून राहिलेला वारकरी मी बघितलेला नाही. कृपा माणसाला पडताना सावरते, हे मी मानतो. पाऊल त्याचं त्यानंच टाकायचं असतं.

हे सगळं फक्त स्वतःच्या जिवासाठी असतं तर मी इतकं बोललो नसतो. पतंजलींच्या यमांत पहिली अहिंसा आहे. यवतेश्वरच्या वळणावर सकाळी डोक्यावर मोळी घेतलेली बाई असते, गुरं असतात, सुट्टीत कासची फुलं बघायला आलेली लहान पोरं रस्त्याच्या कडेला असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर चौपट होतं. वळणापलीकडचं जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येणार नाही अशा वेगानं जो वळणात शिरतो, त्यानं न दिसणाऱ्या माणसाचा जीव आधीच पणाला लावलेला असतो, भले पलीकडे त्या दिवशी कुणी नसो. ही हिंसाच आहे, मला याला दुसरा शब्द सापडत नाही. आणि जो माणूस माळ घालतो, मांस सोडतो, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो, त्याच्याच मुलाची गाडी या वेगानं वर जाते तेव्हा घरातल्या अहिंसेला भगदाड पडलेलं असतं, एवढं मी त्या बापाला सांगतो.

म्हणून या लेखाच्या निमित्तानं ज्यांच्या घरात अशी गाडी उभी आहे त्यांना माझी विनंती आहे. 'पुढचा ब्रेक मारू नको' हे मुलाला सांगणं आजपासून बंद करा. त्याऐवजी एका सकाळी त्याच्याबरोबर रिकाम्या, कोरड्या, स्वच्छ जागेवर जा. अंगावर पूर्ण सामान घालायला लावा, रेघ मारा आणि तीसच्या वेगापासून सुरुवात करू द्या. दोन बोटं, आधी टेकवणं, मग दाबणं. शिकवणारा जाणता असेल तर फारच चांगलं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्या, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात तापलं की लिव्हर मऊ पडतो. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला दोन्ही चाकांचे पॅड काढून तुमच्या हातात द्यायला सांगा. ते बघून मुलाशी बोला.